आतला दाब, बाहेरचा दाब

२६ सप्टेंबर २०२२ रोजी बाल्टिक समुद्राच्या तळाशी नॉर्ड स्ट्रीम-२ ही वायुवाहिनी घातपातात फुटली. तिच्यातून पुरवठा सुरू झालेला नव्हता, पण वायू भरून ठेवलेला होता. जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या दाबमापकावर १०५ बार दिसत होते; तो आकडा ७ बारवर आला. बोर्नहोम बेटाजवळ समुद्राच्या पृष्ठभागावर फेसाळ वर्तुळं उमटली, काही दिवस बुडबुडे येत राहिले आणि मग थांबले. थांबले, कारण नळाच्या आतला दाब आणि बाहेरच्या पाण्याचा दाब सारखा झाला. समुद्रात दर दहा मीटर खोलीला साधारण एक बार, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो, या हिशोबाने दाब वाढतो आणि त्या जागी समुद्र सुमारे ७० मीटर खोल आहे. किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला नुसता तो ७ चा आकडा वाचून नळ किती खोल पाण्यात फुटला हे सांगता आलं असतं!

समुद्रतळावरचा नळ जन्मभर या दोन दाबांच्या मध्ये असतो. आतून वायू किंवा तेल त्याला रेटतं, बाहेरून समुद्र. शाळेतल्या गणिताप्रमाणे एकातून दुसरा वजा करायचा आणि उरेल तेवढाच पोलादाने सोसायचा, असं कुणालाही वाटेल. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं इतकं अनपेक्षित आहे की ते समजल्यावर साध्या नळाकडे बघण्याची दृष्टीच बदलते.

सुरुवात आपल्या दारातल्या समुद्रापासून करू. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय आहे. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या विहिरी खणणाऱ्या मंचाने तिथे तेल शोधलं, २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं. आधी ते तेल जहाजांनी किनाऱ्याला येई. १९७८ पासून समुद्रतळावरच्या नळांमधून उरणला येऊ लागलं. तेलाचा नळ ३० इंची, वायूचा २६ इंची. समुद्र तिथे ७५ मीटरच्या आसपास खोल, म्हणजे बाहेरचा दाब साडेसात बार. बाल्टिकच्या त्या जागेइतकाच.

आता हिशोबासाठी एक नळ मनात धरू. व्यास ३० इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पोलादाची जाडी १९ मिलिमीटर. आत १०० बार, बाहेर साडेसात. (हे आकडे सोयीसाठी घेतलेत, उरणच्या नळाचे म्हणून वाचू नयेत.) या नळाचा एक मीटर लांबीचा तुकडा घ्या आणि तो लांबीच्या दिशेने उभा चिरून त्याची दोन पन्हळं झाली आहेत असं समजा. ती दोन पन्हळं एकमेकांपासून दूर ढकलणारं बल किती? जवळजवळ ७०० टन. दर मीटरला ७०० टन, आणि हे सगळं दोन बाजूंच्या १९ मिलिमीटरच्या पोलादाने धरून ठेवायचं. पोलादाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर घेराच्या दिशेने सुमारे १८ किलोची ओढ येते. अशा नळांसाठी वापरतात ते पोलाद ४५ किलोच्या पुढे गेल्यावर कायमचं ताणलं जातं. त्यामुळे बेत सुरक्षित आहे. अभियंते याला हूप स्ट्रेस म्हणतात आणि तो काढण्याचं सूत्र पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. इथे वजाबाकीचा नियम चोख चालतो. बाहेरच्या साडेसात बारने आतल्या शंभरातले तेवढे खाल्ले, भिंतीला तेवढा आराम.

इथवर सगळं सरळ आहे. गंमत लांबीच्या दिशेला सुरू होते.

घेराच्या दिशेने ओढलेलं पोलाद लांबीच्या दिशेने आखडायला बघतं. कुठलाही घन पदार्थ एका दिशेने ताणला की दुसऱ्या दिशेने थोडा आक्रसतो. पोलादात हे प्रमाण तीन दशांश. पण समुद्रतळावर पसरलेल्या शेकडो किलोमीटर लांबीच्या नळाला आखडता येत नाही. दोन टोकांजवळचा थोडा भाग सोडला तर बाकीचा नळ तळाच्या घर्षणाने जागच्या जागी धरलेला असतो. आखडायचं आहे आणि आखडता येत नाही, म्हणून भिंतीत लांबीच्या दिशेनेही ओढ निर्माण होते. आपल्या नळात आतल्या १०० बारमुळे ही ओढ होते सुमारे २६५ टन. म्हणजे पोलाद घेराने ताणलेलं आणि लांबीनेही ताणलेलं. दोन्ही टोकांकडून ओढलेली वस्तू सरळ राहते, हे आपण गृहीतच धरतो.

हा नळ मात्र सरळ राहत नाही. आतला दाब पुरेसा वाढला की तो दोन्ही टोकांकडून रेटा दिलेल्या काठीसारखा बाजूला वाकतो.

कारण नळ म्हणजे नुसतं पोलाद नव्हे. त्याच्या पोकळीत तेलाचा एक स्तंभ आहे आणि तो १०० बारने दाबलेला आहे. पोकळीचं क्षेत्रफळ गुणिले दाब केलं तर त्या स्तंभातला रेटा येतो ४२० टन. पोलादातली ओढ २६५ टन, आतल्या द्रवातला रेटा ४२० टन. वजा जाता १५५ टनांचा रेटा शिल्लक राहतो, आणि वाकायचं की नाही हे ती शिल्लक ठरवते. पोलादाला काय वाटतं याला तिथे किंमत नाही.

हे पटत नसेल तर वाकलेल्या नळाचा एक तुकडा डोळ्यांसमोर आणा. बाकाच्या बाहेरच्या अंगाची भिंत किंचित लांब झालेली असते, आतल्या अंगाची किंचित आखूड. दाब दोन्हीकडे सारखाच, पण बाहेरच्या अंगाला क्षेत्रफळ जास्त, म्हणून तिकडचा एकूण जोरही जास्त. नळात एवढासा जरी बाक असला तरी आतला दाब त्याला त्याच बाजूला आणखी ढकलतो. बाक वाढला की फरक वाढतो, फरक वाढला की बाक. आता हेच बाहेरच्या पाण्याला लावा. तेही त्याच जास्त क्षेत्रफळावर रेटतं, पण उलट्या दिशेने. म्हणजे समुद्राचा दाब बाक काढून टाकायला बघतो, नळ सरळ करायला बघतो.

इथे या विषयाचा गाभा उघडा पडतो. आतला दाब नळाची गोलाई राखतो आणि सरळपणा मोडतो. बाहेरचा दाब सरळपणा राखतो आणि गोलाई मोडतो. दोघांकडेही राखण्याचं काम आहे आणि दोघांकडेही मोडण्याचं. निसर्गाने केलेली इतकी नेटकी वाटणी मला यंत्रशास्त्रात दुसरीकडे क्वचितच दिसली आहे.

१९७४ मध्ये अँड्र्यू पामर आणि बाल्ड्री यांनी तळाने जखडलेल्या वाहिन्यांच्या या बाजूला वाकण्यावर निबंध प्रसिद्ध केला. पामर पुढे केंब्रिजला प्राध्यापक झाले आणि समुद्राखालच्या नळांच्या विद्येत त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. त्या काळात बॉम्बे हायचं तेल नुकतंच सापडलं होतं. जगभर उथळ समुद्रात वाहिन्या पडत होत्या. पुढे विहिरींमधून जास्त गरम तेल येऊ लागलं तसा हा प्रश्न गंभीर होत गेला, कारण उष्णता दाबापेक्षाही दांडगी निघाली. आपल्याच नळाचं बघा. तो धरून ठेवलेला असताना एक अंश सेल्सिअसने तापला तर पोलादात ११ टनांचा रेटा तयार होतो. समुद्राच्या पाण्यापेक्षा तेल ४० अंशांनी गरम असेल तर ४४० टन. दाबाचे १५५ त्यात मिळवले की ६०० टनांच्या जवळ जातो. एवढा रेटा घेऊन शेकडो किलोमीटर लांबीचा नळ चिखलावर निमूट पडून राहील, ही अपेक्षाच चुकीची.

ब्राझीलमध्ये रिओ दी जानेरोच्या ग्वानाबारा उपसागरात जानेवारी २००० मध्ये नेमकं हेच घडलं. शुद्धीकरण कारखान्यातून बेटावरच्या टर्मिनलकडे गरम केलेलं जड इंधन तेल नेणारी वाहिनी तिथल्या मऊ गाळात पडलेली होती. तेल सोडलं की ती तापायची, थांबवलं की थंड व्हायची, आणि प्रत्येक फेरीत गाळाला थोडं बाजूला सारत वाकायची. शेवटी वाकलेल्या जागी पोलाद चिरलं आणि सुमारे १३ लाख लिटर तेल उपसागरात गेलं. खारफुटीची जंगलं काळी पडली, मच्छीमारांची जाळी निकामी झाली. त्या उपसागराला आणि तिथल्या माणसांना जे सोसावं लागलं त्यामागे एका नळाची लांब होण्याची धडपड होती, हे वाचताना अंगावर काटा येतो.

यावरचा उपाय सुंदर आहे. नळाला सक्तीने सरळ ठेवायचं असेल तर खंदक खणून पुरा किंवा वरून दगडांचा थर टाका, दोन्ही महाग. म्हणून हल्ली कित्येक वाहिन्या मुद्दामच नागमोडी टाकतात. काही ठिकाणी ठरावीक अंतरावर तळावर आडवे स्लीपर ठेवतात आणि नळ त्यांवरून नेतात, म्हणजे वाकायचं तर तिथेच, ठरवलेल्या जागी, हलकेच वाकेल. तापून वाढलेली लांबी दहा-वीस सौम्य बाकांमध्ये वाटून दिली की एकाही जागी पोलाद चिरत नाही.

आता खोल पाण्यात उतरू. रशियातून काळ्या समुद्राखालून तुर्कस्तानच्या सामसूनपर्यंत जाणारी ब्लू स्ट्रीम वाहिनी २१५० मीटर खोलीवरून जाते. २४ इंची नळ, भिंत ३१.८ मिलिमीटर जाड. आपल्या हिशोबातल्या नळापेक्षा हा नळ बारीक, तरी भिंत किती जाड! कारण तिथे बाहेरचा दाब सुमारे २१५ बार आहे. 'साइपेम ७०००' या अजस्र जहाजाने तो खोल भाग टाकला. जहाजावरच्या उंच मनोऱ्यात नळाचे तुकडे उभे करून जोडत जायचं आणि जवळजवळ सरळ खाली सोडत जायचं, अशी ती पद्धत.

टाकताना नळ रिकामा असतो, आत साधी हवा. तळाजवळच्या भागावर २१५ बारचा समुद्र चहूबाजूंनी आणि बंद टोकावरही रेटत असतो. त्या रेट्यामुळे पोलादाच्या भिंतीत लांबीच्या दिशेने सुमारे ६४० टनांचं दडपण येतं. आपल्या आधीच्या नळाचं पोलाद ताणलेलं होतं आणि नळ वाकत होता. इथे पोलाद ६४० टनांनी दाबलेलं आहे आणि नळ काठीसारखा वाकत नाही! जहाजावरून खाली सोडलेला तो शांतपणे लोंबकळतो. आजूबाजूचं पाणी प्रत्येक बाक तितक्याच जोराने पुसून टाकत असतं. माझ्या मते या साऱ्या शास्त्रातलं हे सर्वांत विलक्षण दृश्य आहे, आणि ते पाहायला तिथे कुणीही नसतं.

पण गोलाई धोक्यात असते. प्लॅस्टिकच्या पातळ बाटलीत फुंकर मारली तर ती आणखी टणक आणि गोल होते. तिच्यातली हवा ओढून घेतली तर एका कुशीला खड्डा पडून ती चपटी होते. ब्लू स्ट्रीमच्या नळाचंही तसंच. पूर्ण गोल नळाच्या भिंतीतला घेराचा रेटा सगळीकडे सारखा असतो आणि तो पुष्कळ सोसतो. नळ एका टक्क्याने जरी अंडाकृती असला तरी चपट्या कुशीवर बाहेरचा दाब तोच चपटेपणा वाढवायला लागतो. म्हणून खोल पाण्याचे नळ बनवणाऱ्या कारखान्यात गोलाईची तपासणी काटेकोर असते.

आणखी एक बारकावा. हे मोठे नळ जाड पत्र्यापासून बनतात. पत्रा आधी इंग्रजी यू अक्षरासारखा, मग ओ सारखा वाकवतात, शिवण वेल्ड करतात आणि शेवटी आतून फाकवून नेमका गोल करतात. या शेवटच्या फाकवण्यात पोलाद घेराच्या दिशेने ताणलं जातं, आणि एका दिशेने ताणलेलं पोलाद नंतर उलट दिशेच्या रेट्याला लवकर नमतं. ज्या क्रियेने गोलाई सुधारते तिनेच बाहेरच्या दाबाला तोंड देण्याची ताकद घटते. नॉर्वेची जी नियमावली जगभर वापरतात, ती अशा नळाच्या ताकदीतून त्यासाठी १५ टक्के कापून घेते. पुढे गंजरोधक लेप देताना नळ तापवतात, तेव्हा गेलेल्यातली काही ताकद परत येते. लेप लावायचा गंज टाळायला, आणि फायदा असा भलतीकडेच!

एवढी काळजी घेतलेला ब्लू स्ट्रीमचा नळ चेपायला ३०० बारपेक्षा बराच जास्त दाब लागेल. समुद्र देतो २१५. मग चिंता कसली?

चिंता एका खड्ड्याची. समजा, टाकताना नळ तळाजवळ प्रमाणापेक्षा जास्त वाकला आणि तिथे चपटा झाला. चपटा भाग शेजारच्या गोल भागाला ओढून चपटा करतो, तो त्याच्या शेजारच्याला. सुरुवातीचा खड्डा पाडायला जेवढा दाब लागतो त्याच्या बऱ्याच कमी दाबावर हे चेपणं पुढे पळत राहतं. ब्लू स्ट्रीमच्या जाडीला सूत्र लावलं तर हा पळता दाब १०० बारच्याही खाली येतो. समुद्र त्याच्या दुपटीहून जास्त द्यायला बसलेला आहे. प्रयोगांमध्ये हे चेपणं सेकंदाला शेकडो मीटर वेगाने धावलेलं आहे. म्हणजे एका जागी झालेल्या चुकीपायी काही मिनिटांत कित्येक किलोमीटर वाहिनी पट्टीसारखी सपाट. हा प्रकार १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बटेल प्रयोगशाळेत लक्षात आला, १९७५ मध्ये पामर आणि मार्टिन यांनी 'नेचर'मध्ये त्याचं साधं गणित मांडलं, आणि पुढे टेक्सास विद्यापीठात स्टेलिओस किरियाकिडिस यांनी तो वर्षानुवर्षं बारकाईने अभ्यासला.

सगळा नळ इतका जाड करायचा की चेपणं पळूच नये, तर खर्च आणि वजन दोन्ही आवाक्याबाहेर जातात. म्हणून ठरावीक अंतरावर जाड पोलादाचे तुकडे नळात जोडतात. त्यांना बकल अरेस्टर म्हणतात. पळत आलेलं चेपणं त्या जाड गळ्याशी येऊन थांबतं. दोन अरेस्टरमधली लांबी गमवायची, बाकीची वाचवायची. आग पसरू नये म्हणून रानात जाळपट्टे काढतात त्यामागचा विचार हाच, फक्त इथे तो दोन किलोमीटर खोल, अंधारात, पोलादात घडवलेला आहे.

कधी चेपताना नळ फाटतो आणि पाणी आत शिरतं. तेव्हा आत-बाहेरचा दाब सारखा होऊन चेपणं आपोआप थांबतं, पण दुसरं संकट उभं राहतं: जहाजावरून लोंबणारा रिकामा नळ अचानक पाण्याने भरून जड होतो. नळ टाकणाऱ्या जहाजावरच्या लोकांना याची धास्ती असते, कारण जहाजाच्या पकडीला तेवढं वजन पेलेलच असं नाही.

ब्लू स्ट्रीम सुरू झाल्यावर तिच्यात सुमारे २५० बारपर्यंत वायू भरता येतो. म्हणजे भरलेली असताना सर्वांत खोल जागी आतले २५० आणि बाहेरचे २१५ एकमेकांना जवळजवळ खोडतात, आणि ३१.८ मिलिमीटरच्या त्या भिंतीला घेराच्या दिशेने फारसं कामच उरत नाही. ही सगळी जाडी नळ रिकामा असतानाच्या दिवसांसाठी आहे.

मग हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही: खोल पाण्यात नळ रिकामा ठेवायचाच कशाला? आपल्या अरबी समुद्राचं उदाहरण घेऊ. ओमानहून भारतात वायू आणणारी वाहिनी १९९० च्या दशकापासून कागदावर आहे. वाटेत समुद्र सुमारे ३५०० मीटर खोल. तिथे २४ इंची नळाची भिंत ४१ मिलिमीटर धरली, तर रिकामा लोंबणारा नळ पाण्यातही सुमारे ९६५ टन भरतो. तो जहाजाने धरून ठेवायचा. त्याऐवजी निम्म्या जाडीचा, २० मिलिमीटरचा नळ घेतला आणि पाणी भरूनच खाली सोडला, तर वजन ९०० टनांच्याही थोडं खाली राहतं आणि चेपण्याची भीती शून्य, कारण आत-बाहेर सारखाच समुद्र. पोलाद निम्मं वाचलं. पुढे वायूच्या दाबाने पाणी बाहेर काढायचं आणि तो दाब ३५० बारच्या खाली कधी येऊ द्यायचा नाही.

अडचण त्या 'कधी' मध्ये आहे. एखादी झडप दुरुस्त करायची झाली, किनाऱ्याजवळ कुणाचा नांगर लागून नळ फुटला, वायू विकत घेणाऱ्यांनी काही महिने पुरवठा थांबवायला सांगितला, तर आतला दाब उतरणार. २० मिलिमीटरची भिंत निव्वळ लवचीकपणाच्या हिशोबातसुद्धा १६० बारच्या पुढे टिकत नाही, आणि वर ३५० बारचा समुद्र उभा असणार. म्हणून अरबी समुद्रासाठी आकडेमोड करणारे अभियंते ४१ मिलिमीटरच्या आसपासचंच पोलाद मागतात आणि जहाजाकडे ९६५ टन धरण्याची ताकद मागतात.